दावणीची गवळाऊ मृगाआधी विकू नका

नांदगाव खंडेश्वर तालुक्यातल्या आणि आसपासच्या शेतकरी बंधू-भगिनींनो,

घाईत लिहितो आहे, कारण दिवसच घाईचे आहेत. कुटाराचे ढीग तळाला लागले. विहिरी खोल गेल्या. बियाणं आणि खतासाठी रोकड हवी आणि घरात लगेच पैसा करून देणारी एकच गोष्ट कोठ्यात बांधलेली आहे. अक्षय तृतीयेपासून मृगापर्यंतच्या या दिवसांत दर साली आपल्याकडची ढोरं गाडीत चढतात. विकणाऱ्याला मी दोष देत नाही. सावकाराच्या दारात जाण्यापेक्षा गाय विकलेली बरी, हे मलाही कळतं. मागणं एवढंच आहे की, हेड्याच्या हातात दावं देण्याआधी तिच्या तोंडाकडे एकदा नीट पाहा. ती गवळाऊ असेल तर थांबा.

ओळखायची कशी? गाय पांढरीशुभ्र असते. बैल आणि वळू मानेवर नि वशिंडावर राखाडी होत जातो. डोकं लांबट आणि तोंडाकडे निमुळतं, कपाळ किंचित मागे झुकलेलं, डोळे बदामी, बाहेरच्या बाजूला जरा तिरपे. शिंगं पाहा: आखूड, जाडसर, टोकाला बोथट. खिल्लारीसारखं लांब धनुष्य तिच्या डोक्यावर कधी दिसणार नाही, आणि गीरसारखं फुगीर कपाळ नि लोंबते, मुडपलेले कानही नाहीत. गवळाऊचे कान मध्यम, वर उचललेले. वशिंड चांगलं भरलेलं, गळ्याची पोळी मोठी. शेपूट मात्र आखूड, मागच्या पायाच्या ढोपराखाली थोडीशीच उतरते. आणि चाल. ही गाय चालत नाही, निघते. बांधावरून सोडली की गायकी मागे पडतो.

या चालीसाठीच ही जात नावाजली. मराठ्यांच्या फौजांचं सामान डोंगराळ मुलखातून भराभर न्यायला हे बैल वापरले जात, असं पशुधनावरच्या जुन्या ग्रंथांत नोंदलेलं आहे. तिचा खरा मुलूख वर्धा नदीच्या पलीकडचा, म्हणजे आर्वी, आष्टी, कारंजा (घाडगे), आणि तिथून नागपूर, छिंदवाडा, शिवनी, बालाघाटपर्यंत. नंदगवळी समाजाने ती पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. कारंजा तालुक्यातल्या हेटीकुंडीला तिच्यासाठी सरकारी प्रक्षेत्र आहे. 1941 मध्ये वर्ध्याला गोसेवा संघ उभा राहिला आणि जमनालाल बजाज यांनी आयुष्याचे शेवटचे महिने त्याच कामाला दिले, तेव्हा त्या मंडळींच्या डोळ्यांसमोर असलेली गाय हीच.

आपला तालुका या मुलखाच्या कडेला येतो. म्हणून नांदगावच्या कोठ्यात अस्सल गवळाऊ थोड्या आणि गवळाऊच्या वळणाच्या जास्त, हे खरं. दुसरं रक्तही आपल्याकडे आहे. इंग्रजी अमदानीतल्या वऱ्हाडच्या गॅझेटियरांत इथल्या बैलांच्या दोन जाती सांगितल्या आहेत: अंगाने मोठी ती खामगावी आणि लहान ती उमरडा. उंबर्डा बाजार कारंजा लाडच्या पुढे, आपल्यापासून फार लांब नाही. वऱ्हाडातल्या काळ्या, चिकट जमिनीत हीच जनावरं वखराला नि तिफणीला राबली, आणि आज त्यांना सगळे ‘गावठी’ म्हणून मोकळे होतात. गावठी म्हटलं की भाव पडतो, भाव पडला की जपणूक पडते.

2019 च्या विसाव्या पशुगणनेचे आकडे पाहा. 2012 मध्ये महाराष्ट्रात गाय-बैल सुमारे 1 कोटी 55 लाख होते, ते 1 कोटी 40 लाखांवर आले. देशभरात परदेशी आणि संकरित जनावरं जवळपास 27 टक्क्यांनी वाढली, तर देशी 6 टक्क्यांनी घटली. त्यानंतर 2022 मध्ये लम्पी आला. ज्यांच्या दारात तो आला त्यांना आकडे सांगायची गरज नाही. शासनाने भरपाई दिली, दुधाळ गायीला 30 हजार, बैलाला 25 हजार, वासराला 16 हजार. मदत झाली, नाही म्हणत नाही. पण त्या तक्त्यात जातीचा रकाना नव्हता. चार पिढ्या निवडून जपलेली गवळाऊ आणि कोणत्याही वळणाची गाय, दोन्ही एकाच भावाने मेल्या.

आता जात नष्ट होते कशी, ते सांगतो. कसायाकडे, गाडीत, चाऱ्याअभावी, ही कारणं सगळ्यांना ठाऊक आहेत. माझ्या मते खरं नुकसान त्याच्या आधीच, घरातल्या घरात होतं.

गावात यंदा पाच-सहा गोऱ्हे झाले असं धरा. त्यातला सगळ्यांत उमदा, लांब, पायाने सरळ गोऱ्हा कोणाच्या डोळ्यात भरतो? घेणाऱ्याच्या. त्याचा बैल झाला तर जोडीला मोल येईल, म्हणून दोन दात यायच्या सुमारास त्याला चिमटा लागतो. दुसऱ्या नंबरचाही जातो. उरतो कोण? खुरटा, वाकड्या पायाचा, ज्याला कोणी विचारत नाही आणि ज्याला खच्ची करायचा खर्चही मालकाला जड वाटतो. तो गावभर मोकळा फिरतो आणि आखरावरच्या सगळ्या गायी त्याच्याकडून फळतात. पुढच्या साली त्याचीच वासरं, त्यातला बरा पुन्हा चिमट्याखाली. असं वीस वर्षं चाललं की आपणच म्हणायला मोकळे, “आपल्या गायीत आता दम नाही राह्यला, भाऊ.” दम गायीत होता. आपण तो निवडून निवडून काढून टाकला.

पूर्वी देवाच्या नावाने वळू सोडायची रीत होती. तो कोणाच्याही वावरात शिरला तरी त्याला मारत नसत. त्या रीतीत श्रद्धा होती तशी अक्कलही होती, कारण सोडायचा तो चांगल्या गायीचा चांगला गोऱ्हा. आज मोकळा सांड सोयाबीनमध्ये शिरला तर भांडणं होतील, हे मान्य. मग गावाने मिळून एक बांधून ठेवावा. दहा-बारा घरं, प्रत्येकाकडून थोडं कुटार, थोडी ढेप, एका कोठ्यात जागा. आणि तीन वर्षांनी तो शेजारच्या गावाच्या वळूशी बदलावा, नाहीतर तो स्वतःच्याच कालवडींना लागेल. मंगरूळ चव्हाळ्याचा धानोरा गुरवला, धानोऱ्याचा माहुली चोरला, इतकं साधं आहे हे.

दुसरं नुकसान रेतनाच्या कांडीतून होतं. गाय माजावर आली की आपण फोन करतो, माणूस येतो, कांडी भरतो, पैसे घेतो, जातो. कोणत्या वळूची कांडी, हे विचारणारा मला विरळाच भेटतो. अहो, त्या बारक्या कांडीवर सगळं छापलेलं असतं: जात, वळूचा क्रमांक, केंद्राची खूण, तारीख. नायट्रोजनच्या टाकीत उणे 196 अंशांवर ती सांभाळलेली असते ती काय न वाचता वापरायला? कांडी हातात घ्या, मोबाईलवर फोटो काढा, मगच भरू द्या. गवळाऊ गायीला जर्सी किंवा होल्स्टीन भरली की पहिल्या पिढीत दूध वाढतं, हे खोटं नाही. पण तिच्या गोऱ्ह्याला नीट वशिंड येत नाही, जू बसत नाही, आणि वैशाखातल्या 44-45 अंशांत तो धापा टाकत उभा राहतो. पुन्हा त्या कालवडीला काहीतरी भरलं की तिसऱ्या पिढीला तिचं नाव काय ठेवायचं, हे डॉक्टरलाही सांगता येत नाही.

संकरित गायीचा मी वैरी नाही, हे स्पष्ट लिहितो. ज्याच्याकडे ओलीत आहे, बारमाही हिरवा चारा आहे, दारात दूध संकलनाची गाडी येते आणि घरात माणूसबळ आहे, त्याने खुशाल होल्स्टीन पाळावी. तिच्या पोटाला लागतं तेवढं घालता आलं तर ती फेडते. माझं बोलणं पाच एकर कोरडवाहू वावर असलेल्यांशी आहे, आणि आपल्या तालुक्यात तेच जास्त. गवळाऊ एका वेतात सरासरी 600 किलोच्या आसपास दूध देते. होल्स्टीनपुढे हे काहीच नाही. पण ती कुटारावर जगते, बांधावर चरते, उन्हात उभी राहते, आणि दर दोन वेतांत एखादा गोऱ्हा देते जो उद्या डवऱ्याला चालतो. हिशेब दुधाचा एकटा करायचा नाही.

तीच गोष्ट गीरची. हल्ली हौसेने काठेवाडातून गीर आणतात, हजारोंनी पैसे मोजतात, आणि दोन महिन्यांनी चारा पाहून डोकं धरतात. गीर उत्तम गाय आहे, तिच्या मुलखात. लातूर-उदगीरकडची देवणी, नांदेडची लाल कंधारी, इगतपुरी-अकोल्याच्या (नगरच्या अकोल्याच्या, आपल्या नव्हे) पावसात तेलकट कातडीवर पाणी न ठरू देणारी डांगी, कोकणातली ठेंगणी कोकण कपिला, या सगळ्या आपापल्या मातीला जुळलेल्या. जानेवारी 2023 मध्ये कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या भातखाचरात राबणाऱ्या कठाणी गायीची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली, आणि त्याच यादीत आपल्या शेजारची पूर्णाथडी म्हैसही आली. भुरी, पांढुरक्या-तांबूस अंगाची ही म्हैस दर्यापूर-अकोल्याकडे पूर्णेच्या काठाने शेकडो वर्षं होती. नोंद आत्ता झाली, कारण कोणीतरी गावोगाव फिरून मापं घेतली, फोटो काढले, कागद भरले.

आणि ते ‘ए2’ दूध. देशी गायीचं दूध म्हणून चौपट भावाने विकणाऱ्यांच्या जाहिराती पाहून गाय घेऊ नका आणि ठेवूही नका. ऑगस्ट 2024 मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने असे दावे पाकिटांवरून काढायला सांगितलं आणि काही दिवसांतच ते पत्रक मागे घेतलं. जिथे सरकारचंच ठरत नाही तिथे आपण त्यावर संसार उभा करू नये. गवळाऊ जपायला तिचा बैल पुरेसं कारण आहे.

बैलाचं म्हणतो तेव्हा हमखास प्रश्न येतो, “ट्रॅक्टर हाय ना, मंग बैल कायले?” उत्तर जुलैमध्ये मिळतं. सोयाबीन गुडघ्याला आलं, आठ दिवस झड लागली, तण माजलं आणि जरा उघाड पडली. त्या ओल्या काळ्या मातीत ट्रॅक्टर घालून दाखवा. डवरा बैलांनीच चालतो, आणि त्या चार दिवसांत गावातली प्रत्येक जोडी आठवडाभर आधीच बोललेली असते. ज्याची जोडी गेली तो भाड्याच्या जोडीची वाट पाहत बांधावर उभा असतो आणि तण वाढत असतं. फवारा मारतो म्हणाल, तर त्याचा डबा कितीला पडतो ते तुम्हीच मला सांगा.

म्हातारा बैल कोण घेणार, ही अडचण खरी आहे. 2015 च्या कायद्यानंतर बैलाच्या कत्तलीवरही बंदी आली. ज्याला ती योग्य वाटते त्याच्याशी माझा वाद नाही, पण थकलेल्या बैलाचा चारा कोणाच्या खिशातून येणार, याचं उत्तर त्या कायद्याने दिलं नाही, आणि म्हणून कित्येकांनी नवी जोडीच घेतली नाही. 30 सप्टेंबर 2024 ला राज्याने देशी गायीला ‘राज्यमाता-गोमाता’ घोषित केलं, गोशाळेतल्या देशी गायीमागे दिवसाला 50 रुपये अनुदान ठरवलं. मान मिळाला, आनंद आहे. शेतकऱ्याच्या कोठ्यातल्या गायीला मात्र त्यातलं काही नाही. पापळ आपल्याच तालुक्यातलं गाव. तिथे 1898 मध्ये जन्मलेले पंजाबराव देशमुख 1952 ते 1962 देशाचे कृषिमंत्री होते. त्यांच्या तालुक्यातून एक मागणी तरी वर जायला हवी: नोंद झालेली देशी गाय आणि वळू सांभाळणाऱ्या शेतकऱ्याला गोशाळेइतकंच अनुदान द्या. येत्या ग्रामसभेत हा ठराव मांडा. प्रत्येक गावाचा एक ठराव गेला तर तो टेबलावर पडून राहणार नाही.

नोंदीवर मी फार जोर देतो, कारण ती फुकट आहे आणि आजच होऊ शकते. कानात पिवळा बिल्ला, त्यावर 12 आकडे. 1 जून 2024 पासून बिल्ल्याशिवाय खरेदी-विक्री करता येत नाही, म्हणून बहुतेकांनी तो मारून घेतला आहे. पण बिल्ला मारताना माणसाने विचारलं, जात कोणती, आणि आपण म्हणालो, लिहा काहीही. झालं, संगणकात ती ‘अवर्णित’ झाली. आपल्या गायीचा बिल्ला क्रमांक घेऊन दवाखान्यात जा आणि विचारा, हिची जात काय लावली आहे? वर सांगितलेली लक्षणं जुळत असतील तर डॉक्टरांना गाय दाखवा आणि दुरुस्ती करून घ्या. ते तपासून नाही म्हणाले तर ऐका; हट्टाने खोटी गवळाऊ लावून घेण्यात काहीच अर्थ नाही.

हे काम घरातल्या बायांनी हाती घ्यावं, असं मला मनापासून वाटतं. विकायचा निर्णय पुरुष घेतात, पण कोणत्या गायीची आई कोण, ती किती वेतांची, कोणतं वासरू तोंड लावून पितं नि कोणती गाय लाथ मारते, हे बाईला ठाऊक. एक शाळेची वही घ्या. गायीचं नाव, तिच्या आईचं नाव, वळू कोणता किंवा कांडीचा क्रमांक, व्यायल्याची तारीख, गोऱ्हा की कालवड. एवढं पुरे. मुलांकडून लिहून घ्या, त्यांनाही कळेल.

अकोल्याच्या पशुवैद्यक संस्थेतल्या आणि कृषी विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनाही सांगणं आहे. केरळात वेचूर नावाची ठेंगणी गाय संपल्यात जमा होती. 1989 मध्ये प्राध्यापक सोसम्मा आयप आणि त्यांचे विद्यार्थी गावोगाव फिरले, उरलेल्या मोजक्या गायी शोधून आणल्या आणि जात वाचवली. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तुमच्यापैकी अनेकजण आपल्याच गावांतून गेलेले आहात. उन्हाळ्याच्या सुट्टीत गावी याल तेव्हा टेप घेऊन या. शिंगं, उंची, शेपटीची लांबी मोजा. उमरडा म्हणवणारं काही शिल्लक आहे का, ते तुम्हीच शोधू शकता.

चाऱ्याचं बोलल्याशिवाय हे आवाहन लबाडीचं होईल. ढोरं गेली कारण ज्वारी गेली. सोयाबीन आलं, कडबा संपला, सालदार मिळेना, आणि रोही-रानडुकरांनी उरलेली ज्वारी पेरायची हिंमत घालवली. एकट्याने अर्धा एकर ज्वारी पेरली तर पाखरं आणि रोही ती ठेवणार नाहीत. पण एका शिवारातल्या दहा जणांनी लागून लागून पेरली तर राखणही वाटून होते. दाणे थोडे कमी पडले तरी कडबा घरात येतो. यंदा पेरणीआधी बसून हे ठरवा. आणि आज ज्यांच्याकडे कुटार किंवा कडबा उरला आहे, त्यांनी व्यापाऱ्याला देण्याआधी शेजाऱ्याला विचारा, उधारीवर द्यावा लागला तरी.

शंकरपटाच्या शौकिनांनो, तळेगाव दशासरचा पट आपल्या उशाशी. 2014 च्या बंदीनंतर पट थांबले, डिसेंबर 2021 मध्ये परवानगी मिळाली, 2023 मध्ये घटनापीठानेही ती कायम ठेवली. तिथे बाया जोड्या हाकतात, हे पाहायला लांबून माणसं येतात. धावणाऱ्या गोऱ्ह्यासाठी तुम्ही खिसा मोकळा करता, मग त्याच्या आईसाठीही थोडा करा. चांगली गवळाऊ विकायला निघाली असं कळलं तर हेड्याच्या आधी तुम्ही पोचा. ती तालुक्यातच राहिली पाहिजे.

विकायचीच वेळ आली तर आधी गावात सांगा, शेजारच्या गावात सांगा, शेतकऱ्यालाच द्या. आजारी जनावर म्हणून घाबरून विकू नका. 1962 वर फोन केला की फिरता पशुवैद्यकीय दवाखाना येतो.

ज्यांच्या कोठ्यात दीड-दोन वर्षांचा, खच्ची न केलेला, पांढरा, सरळ पायांचा गोऱ्हा आहे, त्यांनी या आठवड्यात सरपंचांना किंवा दवाखान्यात कळवा. गावाचं ठरेपर्यंत चिमटेवाल्याला दारातून परत पाठवा.